सुईच्या टाक्यावर तरलेली होडी

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याला गेलात, तर किनाऱ्यावर पिवळ्या-नारिंगी रंगाच्या निमुळत्या प्लॅस्टिकच्या होड्या ओळीनं ठेवलेल्या दिसतात. एक, फार तर दोन माणसं बसतील एवढ्याच. वल्हं एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांना पातं. या होडीला कयाक म्हणतात. आपल्याकडे पर्यटक ती तासाभरासाठी भाड्यानं घेतात, फोटो काढतात आणि परत येतात. स्कॉटलंड, वेल्स, नॉर्वे, अलास्का इथल्या खडकाळ किनाऱ्यांवर मात्र लोक कयाकमधून आठ-आठ दिवसांच्या सफरी करतात, आणि त्याआधी रीतसर शिक्षण घेतात.

आज याच होडीचा इतिहास सांगायचा आहे. बचत गटाच्या कार्यक्रमात होडी कुठून आली, असं तुम्हाला वाटेल. पण या इतिहासात निम्मं काम शिवणकाम आहे, आणि ते सगळं बायकांनी केलेलं आहे.

कयाक जन्मली उत्तर ध्रुवाजवळच्या थंड प्रदेशात. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का. तिथल्या इनुइट लोकांना आपल्या शाळेच्या पुस्तकात एस्किमो म्हटलेलं असायचं. ग्रीनलंडचा किनारा म्हणजे उंच कडे, जमिनीत खोलवर घुसलेल्या खाड्या आणि पाण्यावर तरंगणारे बर्फाचे डोंगर. शेती जवळजवळ नाहीच. जगायचं तर समुद्रातल्या सीलवर. सीलचं मांस खायला, चरबी दिव्याला, कातडं कपड्याला आणि होडीला.

होडी करायला लाकूड हवं, आणि तिथे मोठी झाडं नाहीत. सैबेरियातल्या नद्यांमधून वाहत आलेले ओंडके समुद्रातून फिरत फिरत ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागायचे. ते जमवून पुरुष सांगाडा करायचे. खिळे नाहीत. लाकडी खुंट्या आणि कातड्याच्या वाद्या. सांगाडा अंगाच्या मापानं व्हायचा, म्हणजे ज्याची होडी त्याच्याच हाताच्या वितीनं, त्याच्याच मांड्यांच्या रुंदीनं. आपण ब्लाऊज मापानं शिवतो तसं. लांबी साधारण पाच मीटर आणि रुंदी जेमतेम अर्धा मीटर. दुसऱ्याची कयाक सहसा आपल्याला बसायचीच नाही.

पण सांगाडा म्हणजे होडी नव्हे. तो पाण्यात टाकला तर माणूस बुडेल. त्याला होडी करायच्या त्या बायका.

सीलचं कातडं सोलायचं, अर्धचंद्राच्या आकाराच्या उलू नावाच्या सुरीनं चरबी खरवडायची, केस काढायचे, कातडं ओलं ठेवायचं. एका कयाकला अशी चार-पाच तरी कातडी लागत. ती ओली असतानाच सांगाड्यावर ओढून शिवायची, कारण वाळली की आक्रसतात आणि डफावरच्या चामड्यासारखी ताठ बसतात. उद्या शिवू, परवा शिवू असं चालत नसे. त्यामुळे वस्तीतल्या चार-सहा बायका एकत्र बसून एका दमात काम उरकायच्या. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड लाटायला शेजारणी जमतात, तसंच. ज्याची होडी, त्याच्या घरी त्या दिवशी पाहुणचार. नॉर्वेचा प्रवासी फ्रिट्योफ नान्सेन 1888 साली ग्रीनलंड ओलांडून पलीकडे पोचला, पण जहाज चुकलं म्हणून त्याला अख्खा हिवाळा तिथेच काढावा लागला. त्या मुक्कामात तो कयाक शिकला आणि पुढे त्यानं तिथल्या जगण्यावर पुस्तक लिहिलं. होडीला कातडं चढवणं हे तिथे बायकांचं काम, हे त्याच्या नजरेतून सुटलं नाही.

आता टाका कसा, ते सांगते. तुमच्यातल्या शिवणवाल्यांना लगेच कळेल. साडीला फॉल लावताना आपण सुई अशी धरतो की कापडाचे दोन-तीनच धागे उचलले जावेत आणि बाहेरून काही दिसू नये. या बायका तेच कातड्यावर करायच्या. सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतून जाणार, आरपार नाही. आरपार गेली की भोक पडलं, आणि भोक पडलं की पाणी आलं. दोन कातड्यांच्या कडा एकावर एक घ्यायच्या, एका बाजूनं एक ओळ शिवायची, मग दुसऱ्या बाजूनं दुसरी. दोरा प्राण्याच्या पाठीच्या शिरेतून सोलून काढलेला. तो ओला झाला की फुगतो आणि सुईची जागा आपोआप बुजवतो. लोखंडी सुया व्यापाऱ्यांबरोबर आल्या. त्याआधी सुया हाडाच्या, हस्तिदंताच्या. जाड, ओल्या, निसरड्या कातड्यात हाडाची सुई अर्ध्यापर्यंतच घालायची, तेही थंडीत! मला हे वाचून आपल्या टेलरिंगच्या परीक्षा फारच सोप्या वाटल्या.

शिवलेली होडी आपल्यालाही परकी नाही, हे जाता जाता सांगते. अरबी समुद्रातली जुनी गलबतं खिळ्यांनी ठोकलेली नसत, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या असत. त्याच पद्धतीनं गोव्यात बांधलेलं ‘कौंडिण्य’ हे जहाज 2025 साली नौदलात आलं. बातम्यांत त्याच्या शिडाचं, नक्षीचं, प्रवासाचं वर्णन भरपूर आलं. पण काथ्या कुजवून, झोडपून, वळून त्याचा दोर करणं हे आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः बायकांच्या हातचं काम आहे, हे त्या बातम्यांत मला कुठे दिसलं नाही.

परत ग्रीनलंडला येऊ. होडीबरोबर शिकाऱ्याचा अंगरखाही बायकाच शिवत. त्याला तुइलिक म्हणतात. टोपीसकट एकच कपडा. चेहऱ्याभोवती घट्ट, मनगटांना घट्ट, आणि खालची कड कयाकच्या बसायच्या भोकाभोवती आवळून बांधलेली. म्हणजे माणूस आणि होडी मिळून एकच वस्तू. होडी उलटली तरी आत पाणी शिरत नाही, आणि माणूस वल्ह्याच्या एका फटक्यानं पुन्हा सरळ होतो. हे उलटून परत वर येणं म्हणजे कयाकची सगळ्यात मोठी विद्या. बर्फाच्या पाण्यात माणसाचे हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात, त्यामुळे पोहून किनारा गाठू म्हणायला वावच नाही. वर यायचं ते होडीसकट.

ही विद्या कुणी जन्मतः घेऊन येत नव्हतं. मुलगा लहान असल्यापासून त्याची तयारी सुरू व्हायची. तोल सांभाळायचे खेळ, घरात ताणून बांधलेल्या दोरावर गिरक्या घ्यायचा व्यायाम, मग लहान मापाची कयाक. वल्हं हातातून सुटलं तर भाला फेकायच्या काठीनं सरळ व्हायला शिकायचं, काठीही गेली तर नुसत्या हातानं. वल्हं कातड्याच्या वाद्यांत अडकलं तर कसं, एकच हात मोकळा असेल तर कसं, याचा एकेक प्रकार होता. प्रत्येक प्रकारामागे कधीतरी कुणावर आलेला प्रसंग असणार. एवढं करूनही सगळ्यांना ते जमायचं नाही, आणि कयाक उलटून बुडणं हे तिथल्या पुरुषांच्या मरणाचं एक मोठं कारण होतं. ज्या घरातला शिकारी गेला ते घर उपाशी. सुई धरणाऱ्या बाईला हे पक्कं ठाऊक असायचं. कातड्याला दर थोड्या दिवसांनी चरबी चोळणं, सैल झालेला टाका पाहून घेणं, जुनं झालेलं कातडं बदलणं, ही कामं कधी संपत नसत.

बायकांची म्हणून एक होडी वेगळी होती. उमियाक. मोठी, वरून उघडी, तंबू, भांडी, कुत्री, मुलं, म्हातारी माणसं सगळी मावतील अशी. वस्ती उन्हाळ्यात एका ठिकाणाहून दुसरीकडे हलायची ती या होडीतून, आणि वल्ही मारायच्या बायका. पुरुष कयाकमधून आजूबाजूला. तिला नावच मुळी बायकांची होडी असं पडलं. जगभर लोकांना कयाक माहीत आहे, उमियाक फारशी कुणाला माहीत नाही. अख्खा संसार वाहून नेणारी होडी मागे राहिली आणि एकट्या माणसाची होडी प्रसिद्ध झाली, याचं मला नवल वाटत नाही.

अलास्काच्या दक्षिणेकडच्या बेटांवर ही कथा फार कडू आहे. तिथे अल्युत आणि त्यांच्या शेजारचे लोक तितक्याच उत्तम कयाक करत. अठराव्या शतकात रशियन व्यापारी आले ते समुद्री पाणमांजराच्या कातड्यासाठी. ती शिकार रशियनांना जमेना, कयाकवाल्यांना जमायची. मग त्यांनी वस्तीतल्या बायका-मुलांना ओलीस धरलं आणि पुरुषांना शिकारीला पिटाळलं. मागे राहिलेल्या बायकांनाही बसून ठेवलं नाही. होड्यांना कातडी चढवणं, आतड्यांच्या पट्ट्या जोडून पाणी न झिरपणारे अंगरखे शिवणं, पक्ष्यांच्या कातड्यांचे पारके म्हणजे उबदार डगले करणं, हे कंपनीसाठी त्यांच्याकडून करून घेतलं. आणि कळस म्हणजे त्यांनीच शिवलेले डगले कंपनी त्यांच्याच पुरुषांना मजुरी म्हणून द्यायची. मैत्रिणींनो, आपल्या गटात आपण कच्चा माल कुणाचा, मेहनत कुणाची, भाव कुणी ठरवला, हे वहीत लिहून ठेवतो. ते का, हे या एका व्यवहारावरून कळतं.

युरोपात कयाक पोचली ती आधी नवलाची वस्तू म्हणून. स्कॉटलंडमध्ये अबर्डीनच्या विद्यापीठात एक जुनी कयाक जपलेली आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यातून एक माणूस तिथल्या किनाऱ्याला आला आणि थोड्याच दिवसांत मरण पावला. तो तिथवर कसा पोचला यावर अजून वाद चालतो. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. होडी शिवणारीचं नाव विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

पुढे 1905 मध्ये जर्मनीत एका विद्यार्थ्यानं घडी घालता येईल अशी कयाक केली. लाकडी काठ्या आणि वर कापड. ट्रेनमधून पिशवीत घालून न्यावी आणि नदीवर उभारावी. तिचे हक्क 1907 साली विकत घेतले योहान क्लेपर नावाच्या माणसानं, आणि तो होता शिंपी! मला ही गोष्ट फार आवडते. होडी परत शिवणयंत्राकडेच आली. क्लेपरच्या होड्या जगभर गेल्या. फरक इतकाच, की आता शिवणाऱ्याचं नाव होडीवर छापलेलं होतं.

उलटून सरळ व्हायची विद्या मात्र युरोपला उशिरा आली. ऑस्ट्रियाच्या एडी पावलाटानं 1927 मध्ये पुस्तकांतली वर्णनं वाचून वाचून ती जमवली. इंग्लंडचा गिनो वॉटकिन्स थेट ग्रीनलंडला गेला. 1930-31 च्या मोहिमेत त्यानं तिथल्या शिकाऱ्यांकडून कयाक शिकून घेतली आणि त्यात चांगलाच तयार झाला. 1932 साली तो पुन्हा गेला. 20 ऑगस्टला एकटाच सीलच्या शिकारीला निघाला, आणि नंतर त्याची कयाक रिकामी तरंगताना सापडली. शरीर मिळालंच नाही. वय पंचवीस. जिथे मुलगा दहा-बारा वर्षांचा असल्यापासून शिकतो आणि तरीही जाणते शिकारी बुडतात, तिथे दोन मोसमांचं शिक्षण किती पुरणार? लोक त्याला शूर म्हणतात, तो होताच. पण एकटं जाणं हा शूरपणाचा भाग नव्हे, असं मला वाटतं.

नान्सेनलाही एकदा हिसका बसला होता, पण त्यातून तो वाचला. 1895-96 मध्ये तो आणि त्याचा सोबती ध्रुवाच्या बाजूनं परतत असताना त्यांच्याकडे स्वतः केलेल्या दोन कयाक होत्या, बांबूचा सांगाडा आणि वर कॅनव्हास. एकदा त्या बांधलेल्या जागेवरून सुटून वाहत निघाल्या, तेव्हा नान्सेननं गोठत्या पाण्यात उडी मारून त्या परत आणल्या. पुढे एका वॉलरसनं सुळ्यानं एक कयाक फाडली. तिथे शिवायला कोणी बायका नव्हत्या, त्यामुळे ठिगळं त्यांची त्यांनाच लावावी लागली.

आजची समुद्री कयाक या सगळ्यातून आली. ग्लासगोचा केनेथ टेलर नावाचा विद्यार्थी 1959 मध्ये ग्रीनलंडच्या एका वस्तीत राहिला आणि तिथे स्वतःच्या मापानं करून घेतलेली कयाक घरी घेऊन आला. तिची मापं काढून पुढे 1970 च्या दशकात फायबरग्लासची कयाक निघाली. फायबरग्लासला, प्लॅस्टिकला शिवण लागत नाही. साच्यातून होडी निघते. सोय झालीच, पण तेव्हापासून कयाकच्या गोष्टीत बायका दिसेनाशा झाल्या. माणूस कयाकमध्ये बसतो तेव्हा कंबरेभोवती एक रबरी घेर घालतो आणि भोकाच्या कडेला अडकवतो. तो तुइलिकचाच कापून ठेवलेला तुकडा आहे, पण हे फारसं कुणी सांगत नाही.

होडी स्वस्त आणि सोपी झाली की शिक्षणाची किंमतही कमी करायचा मोह होतो. 22 मार्च 1993 या दिवशी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम बे इथे, शाळेची आठ मुलं, त्यांचे शिक्षक आणि एका खासगी केंद्राचे दोन प्रशिक्षक कयाक घेऊन निघाले. जायचं होतं शेजारच्या गावापर्यंत, तीनेक किलोमीटर. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, आपले कोळी ज्याला मतलई म्हणतात तसा. हा वारा फसवा. किनाऱ्याजवळ पाणी शांत दिसतं आणि आत गेलं की लाटा. शिक्षकांची होडी पुन्हा पुन्हा उलटू लागली, एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला, बाकीची मुलं दुसऱ्या प्रशिक्षकाबरोबर आत वाहत गेली. होड्या भरल्या. मदतीचा इशारा द्यायला जवळ फ्लेअर म्हणजे धुराचे-उजेडाचे बाण नव्हते. मदत पोचायला काही तास गेले. चार मुलं दगावली. प्रशिक्षकांचं स्वतःचं शिक्षण अगदी पहिल्या पायरीचं होतं.

याच केंद्रातल्या एका प्रशिक्षक बाईंनी आदल्या वर्षी नोकरी सोडताना चालकाला पत्र लिहिलं होतं. इथली सुरक्षितता नीट पाहा, नाहीतर एखाद्या आईबापाला त्यांचं मूल परत येणार नाही असं सांगायची वेळ येईल, या अर्थाचं. तिचं पत्र कुणी मनावर घेतलं नाही. खटल्यात तेच पत्र महत्त्वाचा पुरावा ठरलं, चालकाला तुरुंगवास झाला, कंपनीही दोषी ठरली. 1995 साली ब्रिटनमध्ये मुलांना अशा साहसी सहलींना नेणाऱ्या केंद्रांना परवाना बंधनकारक करणारा कायदा झाला.

हे सगळं मी एवढं सविस्तर सांगते त्याला कारण आहे. आपल्याही गटांकडे आता पाण्यावरच्या पर्यटनाचे प्रस्ताव येतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात, झाडांची, पक्ष्यांची माहिती देतात, आणि त्यांचं पाहून इतर गटांनाही हुरूप आला आहे. यावा. पण गटाच्या बैठकीत कर्ज किती, होड्या किती, भाडं किती यावर तासभर बोलणं होतं आणि शिक्षणावर पाच मिनिटं. माझं म्हणणं असं, की हिशेबाच्या आधी विचारा: उलटलेल्या होडीतून बाहेर पडायचं आणि परत आत चढायचं खऱ्या पाण्यात शिकवणार का, की हॉलमध्ये चित्रं दाखवून प्रमाणपत्र देणार? जॅकेट मापाचं मिळणार, की सगळ्यांना एकच? आणि आज वारा चांगला नाही, आज नेणार नाही, असं वल्हं धरणारी बाई म्हणाली तर तिचा शब्द शेवटचा असणार, की बुकिंग घेणाऱ्याचा? हे ठरावात लिहून घ्या. तोंडी ठेवू नका.

वयाचा प्रश्न नेहमी येतो, म्हणून हवाईच्या ऑड्री सदरलंड यांच्याबद्दल सांगते. चार मुलांची आई, शाळेत मुलांना सल्ला देण्याची नोकरी. आधी मोलोकाई बेटाच्या उंच कड्यांखालच्या किनाऱ्यावर त्या सामानाचं गाठोडं मागे ओढत पोहत गेल्या. पुढे हवा भरायची छोटी कयाक घेतली आणि साठीच्या उंबरठ्यावर अलास्काच्या किनाऱ्यावर एकटीनं वल्हवायला सुरुवात केली. वीसहून जास्त उन्हाळे त्या जात राहिल्या. मघाशी मी एकटं जाण्याला नावं ठेवली, आणि आता ही बाई एकटीच गेली म्हणून सांगते आहे, हे माझ्या लक्षात आहे. फरक तयारीचा. सोळा वर्षांच्या मुलाला काय काय यायला हवं, याची त्यांनी आपल्या मुलांसाठी यादी केली होती. त्यात मासा साफ करणं होतं, विजेची वायर जोडणं होतं आणि होडी सांभाळून चालवणंही होतं. जर्मनीच्या फ्राया हॉफमायस्टर यांनी तर 2009 मध्ये कयाकमधून अख्ख्या ऑस्ट्रेलियाला फेरी मारली, 332 दिवसांत.

ग्रीनलंडमध्ये विसाव्या शतकात मोटारबोटी आल्या आणि कयाक जवळजवळ नाहीशी व्हायला आली होती. 1980 च्या दशकात तिथल्या तरुणांनी क्लब काढले, म्हाताऱ्या शिकाऱ्यांना शोधून त्यांच्याकडून शिकून घेतलं. आता दर वर्षी राष्ट्रीय स्पर्धा होते. शर्यती असतात, दोरावरच्या गिरक्या असतात, आणि उलटून सरळ व्हायचे तीसहून जास्त प्रकार. हातात दगड धरूनही सरळ व्हायचं असतं. पूर्वी तिथे फार थोड्या बाया कयाकमध्ये बसत, आता मुली आणि बायका या स्पर्धेत उतरतात. होड्यांवर कातड्याऐवजी बहुतेक कॅनव्हास किंवा नायलॉन असतं, कारण कातडं चढवणाऱ्या हातांची संख्या कमी झाली आहे. अंगावरचा तुइलिकही आता बहुधा निओप्रीनचा, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाच्या रबरी कापडाचा असतो. बेत मात्र जुनाच: चेहऱ्याभोवती, दोन्ही मनगटांना आणि भोकाच्या कडेला पाणी अडवायचं.